तारीख चुकू नये म्हणून: कोकणातील एचआयव्ही उपचार आणि त्यात पडणारा खंड

एचआयव्हीच्या संसर्गावर भारतात मोफत मिळणारी औषधे आज इतकी प्रभावी आहेत की उपचाराचे यश औषधाच्या गुणापेक्षा रुग्ण आणि उपचार केंद्र यांच्यातील संबंध वर्षानुवर्षे टिकतो की नाही, यावर अधिक ठरते. हा संबंध सहसा एकाएकी तुटत नाही. एक तारीख हुकते, मग संकोचापोटी दुसरी टाळली जाते आणि काही महिन्यांनी रुग्ण केंद्राच्या नोंदीत ‘एलएफयू’, म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेला, म्हणून दिसू लागतो. चिपळूणसारख्या ठिकाणी ही तारीख कोणकोणत्या कारणांनी हुकते हे बरेचसे आधीच सांगता येते: जिल्ह्याच्या ठिकाणाचे अंतर, मुंबईशी जोडलेले अर्धे आयुष्य, चार महिन्यांचा पाऊस आणि ओळखीच्या माणसाने पाहू नये ही धास्ती. कारणे ठाऊक असतील तर तजवीजही आधी करता येते. पुढील विवेचन रुग्ण, त्याचे कुटुंबीय आणि त्याच्यावर इतर आजारांसाठी उपचार करणारे स्थानिक डॉक्टर या तिघांसाठी आहे.

औषधांविषयीची भीती कुठून आली हे आधी समजून घ्यावे लागते, कारण आजही अनेक घरांत उपचार नाकारला जातो तो जुन्या औषधांच्या आठवणीमुळे. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आला आणि त्या संशोधनाचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील होत्या, हे महाराष्ट्रात फारसे सांगितले जात नाही. त्यानंतरची पंधरा-अठरा वर्षे बहुसंख्य रुग्णांसाठी निदान होते, पण उपचार नव्हता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचे मिश्रण दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली, तेव्हा गरीब देशांतील उपचाराची शक्यता प्रत्यक्षात आली आणि १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारा संयुक्त औषधोपचार, सुरू केला. त्या काळच्या मिश्रणांत स्टॅव्ह्युडिन हे औषध असे. त्यामुळे पायांत मुंग्या येणे, गाल बसणे, हातापायांवरील चरबी झडणे असे परिणाम दिसत, आणि चेहऱ्यावरूनच आजार ओळखू येतो अशी समजूत गावोगाव पसरली. ते औषध केव्हाच मागे पडले आहे. २०१७ पासून सीडी-४ पेशींची (रोगप्रतिकारक शक्तीचा अंदाज देणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या किती आहे याची वाट न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण लागू झाले आणि गेल्या काही वर्षांत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी, जिला केंद्रांत ‘टीएलडी’ म्हणतात, ती बहुतेक प्रौढ रुग्णांना दिली जाते. दिवसातून एक गोळी, जेवणाआधी किंवा नंतर, एवढेच तिचे वेळापत्रक आहे. कोणी वीस वर्षांपूर्वीच्या नातेवाइकाचे उदाहरण देऊन उपचारापासून परावृत्त करत असेल, तर ते उदाहरण वेगळ्याच औषधाचे आहे हे लक्षात ठेवावे.

ही गोळी विषाणूला शरीराबाहेर घालवत नाही. एचआयव्ही काही पेशींच्या जनुकीय द्रव्यात सुप्तावस्थेत दडून राहतो. औषध त्याची नवी प्रत तयार होऊ देत नाही, आणि औषध थांबले की सामान्यतः काही आठवड्यांतच त्याची संख्या पुन्हा वाढू लागते. म्हणून ‘आता बरे वाटते, गोळ्या कशाला’ हा विचार या आजारात सर्वांत महाग पडतो, कारण बरे वाटणे हाच गोळ्यांचा परिणाम असतो. औषध काम करते आहे की नाही हे ‘व्हायरल लोड’ या तपासणीतून कळते. रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते त्यात मोजले जाते. उपचार सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे साधारणतः वर्षातून एकदा ही तपासणी होते. आपला शेवटचा व्हायरल लोड कधी झाला आणि आकडा काय आला हे प्रत्येक रुग्णाला तोंडपाठ असावे. मधुमेही माणसाला आपली साखर ठाऊक असते, तितक्याच सहजतेने.

या आकड्याचे महत्त्व केवळ रुग्णापुरते नाही. एक जोडीदार बाधित आणि दुसरा अबाधित अशा १,७६३ जोडप्यांवर अनेक देशांत झालेल्या आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्यात सहभागी होती अशा ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाले, तेव्हा लवकर सुरू केलेल्या उपचारामुळे जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो असे आढळले. पुढील अभ्यासांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच म्हटले की, नियमित उपचारामुळे ज्याचा विषाणू तपासणीत सापडत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. स्तनपानाबाबत मात्र हेच विधान तितक्या निःशंकपणे करता येत नाही, म्हणून गर्भवती आणि स्तनदा मातेने केंद्राचा स्वतंत्र सल्ला घ्यावा आणि बाळाच्या तपासण्या, अठराव्या महिन्यातील शेवटच्या तपासणीसह, पूर्ण कराव्यात. विवाह, अपत्य, जोडीदाराशी प्रामाणिक संवाद हे सारे प्रश्न या माहितीमुळे सोपे होतात. तरी समुपदेशनात या माहितीला सर्वत्र पुरेसा वेळ मिळतो असे नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमाची प्रगती तीन पायऱ्यांत मोजली जाते: बाधितांपैकी ९५ टक्क्यांना आपल्या संसर्गाची माहिती असणे, माहिती असलेल्यांपैकी ९५ टक्के उपचारावर असणे आणि उपचारावर असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांचा विषाणू नियंत्रणात असणे. देशात सुमारे पंचवीस लाख बाधित आहेत आणि त्यांत महाराष्ट्राची संख्या सर्व राज्यांत मोठी आहे. तिसऱ्या पायरीवर भारताची कामगिरी सर्वांत चांगली दिसते आणि तिचे कौतुकही होते. पण ती टक्केवारी वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. विषाणूची मोजणी ज्यांची होते ते केंद्रात येत राहिलेले रुग्ण असतात. जे निसटले ते तिसऱ्या पायरीच्या हिशेबातूनही निसटतात. म्हणजे तिसरा आकडा औषधाची ताकद सांगतो, आणि रुग्ण टिकवण्याची ताकद दुसऱ्या पायरीवर शोधावी लागते.

नियमितपणा कसा मोजतात हे रुग्णाने स्वतः शिकून घेतले तर बरेच गैरसमज टळतात. महिन्याची बाटली ३० गोळ्यांची असते. बाटली सुरू केल्यापासून २८ दिवसांनी रुग्ण केंद्रात आला आणि एकही गोळी चुकली नसेल, तर तीत २ गोळ्या उरायला हव्यात. ५ उरल्या असतील तर ३ चुकल्या, म्हणजे २८ पैकी २५ घेतल्या, टक्केवारीत सुमारे ८९. कार्यक्रमात ९५ टक्क्यांहून अधिक नियमितपणा अपेक्षित असतो, आणि महिन्याच्या ३० पैकी केवळ दोन गोळ्या चुकल्या तरी तो ९३ वर येतो. हे ठाऊक असल्यामुळे काही रुग्ण केंद्रात शिरण्यापूर्वी उरलेल्या गोळ्या काढून टाकतात. त्याने समुपदेशकाचे समाधान होते, विषाणूचे होत नाही. डोल्युटेग्राव्हिर हे औषध जुन्या औषधांच्या मानाने अधूनमधून झालेली चूक बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे दोन गोळ्या चुकल्याचे खरे सांगण्यात काहीच तोटा नाही. उलट त्या कोणत्या वारी चुकल्या हे सांगितले, तर रात्रपाळी, प्रवास किंवा घरी आलेले पाहुणे यांपैकी नेमकी अडचण हाती लागते.

गोळीची वेळ रोजच्या एखाद्या पक्क्या कामाला बांधून घ्यावी. झोप उडत असेल तर रात्रीऐवजी सकाळची वेळ ठरवावी. गोळी विसरली तर आठवण होताच घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर चुकलेली सोडून द्यावी, पण दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली औषधे डोल्युटेग्राव्हिरचे शोषण रोखतात, म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह व कॅल्शियम जेवणासोबत घेतल्यास मात्र एकत्र चालते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या रक्तात या गोळीमुळे मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते आणि त्याची दिवसाची मात्रा सहसा १,००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवावी लागते. क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन उलट डोल्युटेग्राव्हिरचे प्रमाण घटवते, त्यामुळे त्या काळात बारा तासांनी त्याची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी घ्यावी लागते. चिपळूणच्या खासगी दवाखान्यात साध्या पित्तासाठी गेलेला रुग्ण आपल्या गोळ्यांविषयी मौन पाळतो, आणि डॉक्टरही विचारत नाहीत, तेव्हा हे परस्परपरिणाम कोणाच्याच लक्षात येत नाहीत. आजाराचे नाव सांगायचे नसेल, तर निदान गोळीतील तीन औषधांची नावे चिठ्ठीवर लिहून दाखवावीत. जाणकार डॉक्टरला तेवढे पुरते. खोकला, ताप, वजनात घट किंवा रात्रीचा घाम यांपैकी एक लक्षण असले तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, कारण बाधितांच्या मृत्यूचे ते आजही प्रमुख कारण आहे.

कोकणाची हवाही हिशेबात धरावी लागते. बाटलीतील ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नये आणि लेबल दिसू नये म्हणून सगळ्या गोळ्या कागदात किंवा उघड्या डबीत ओतून ठेवू नयेत. गुप्तता हवीच असेल तर घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत चार-पाच दिवसांच्या गोळ्या वेगळ्या काढाव्यात आणि मूळ बाटली बंद ठेवावी.

अंतराचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. चिपळूणहून रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय सुमारे ९० किलोमीटरवर आहे. जाणे-येणे, रांग आणि औषधवाटप यांत एक दिवसाची मजुरी जाते. उपचार स्थिर झालेल्या रुग्णाला घराजवळ औषध मिळावे म्हणून कार्यक्रमात ‘लिंक एआरटी केंद्र’ ही सोय आहे, म्हणजे मुख्य केंद्राशी जोडलेले व केवळ पुढील औषधवाटप व पाठपुरावा करणारे उपकेंद्र. आपल्या किंवा शेजारच्या तालुक्यात ते कुठे आहे याची विचारणा मुख्य केंद्रातच करावी. परंतु अनेक रुग्ण जवळचे केंद्र जाणूनबुजून टाळतात. कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात गेले तर वाडीतील कोणीतरी भेटणारच, त्यापेक्षा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणे त्यांना सोयीचे वाटते. ही निवड चूक ठरवून रुग्णाला दटावण्यात अर्थ नाही. मात्र तिची किंमत त्याने आधीच मोजलेली असावी. दूरचे केंद्र निवडायचे तर एकदम तीन महिन्यांची औषधे मागून घ्यावीत, जी सोय स्थिर रुग्णांसाठी उपलब्ध आहे, आणि घरात नेहमी पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतील अशा बेताने तारीख घ्यावी.

सवलतींचेही असेच आहे. एसटीच्या साध्या बसमध्ये बाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत गरजू बाधितांचा समावेश आहे. पण वाहकाला दाखवायचा दाखला किंवा तहसील कार्यालयातील अर्ज हाच आजाराची जाहिरात करतो, म्हणून ज्यांना तिकिटाचे पैसे खरोखर जड जातात तेच नेमके ती वापरत नाहीत. हा योजनेच्या रचनेतील दोष आहे, रुग्णाच्या हट्टाचा नव्हे. अनुदानाचा अर्ज करताना समुपदेशकाची मदत घ्यावी आणि कागदपत्रे बंद पाकिटात द्यावीत.

चिपळूणच्या अनेक घरांतला कर्ता माणूस चाकरमानी असतो. तो मुंबईत औषध घेतो, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो आणि सुट्टी लांबली की गोळ्या संपतात. निघण्यापूर्वी बाटलीतल्या गोळ्या मोजून परतीच्या दिवसाच्या पुढे किमान आठवडा पुरतील एवढ्या सोबत घ्याव्यात. गावी कायमचे परतायचे असेल, तर मुंबईच्या केंद्रातून रीतसर बदली, जिला ‘ट्रान्सफर आउट’ म्हणतात, ती करून घ्यावी; तसे न करता रुग्ण निघून आला तर एका केंद्रात तो निसटलेला ठरतो आणि दुसऱ्यात नवा, आणि त्याची जुनी औषधे व जुने व्हायरल लोड यांचा धागा तुटतो. तरीही गोळ्या गावात संपल्याच, तर जवळच्या एआरटी केंद्रात आपली हिरवी पुस्तिका, म्हणजे रुग्णाकडे राहणारी नोंदवही, किंवा तिचा मोबाइलमधील फोटो दाखवून तात्पुरते औषध मागावे. जहाजावर जाणाऱ्या खलाशांनी मुक्कामाचा काळ आधी सांगून तेवढा साठा मिळतो का, हे विचारावे. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची अडचण निराळी आहे: व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत संसर्ग आढळला की नोकरी जाते, आणि त्या धक्क्यात निदानाचा कागदच फाडून टाकला जातो. अशा व्यक्तीने सरकारी चाचणी व समुपदेशन केंद्रात मोफत तपासणी पुन्हा करून घ्यावी, कारण निदानाची खात्री आणि उपचाराची नोंदणी तिथूनच सुरू होते.

पावसाचे वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले तेव्हा कपाटातल्या औषधांपासून शिधापत्रिकेपर्यंत सारेच भिजले, आणि परशुराम घाटात दरड कोसळली की मुंबईची वाट बंद होते हेही चिपळूणकर जाणतात. जूनच्या भेटीतच सप्टेंबरपर्यंतचे औषध मिळेल का, हे विचारावे. एक बाटली आणि पुस्तिकेची छायाप्रत प्लास्टिकच्या बंद पिशवीत वरच्या मजल्यावर किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी. आणि औषध वाहून गेले तर घडले ते सांगून बदली बाटली मागावी. २०२०च्या टाळेबंदीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने अनेक महिन्यांची औषधे एकत्र देण्यास आणि घराजवळ पोहोचवण्यास मुभा दिली होती, तेव्हा अडचणीच्या काळात नियम वाकतात हे सिद्ध झाले आहे.

गुप्ततेला कायद्याचा आधारही आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीविना चाचणी, लेखी संमतीविना आजाराची वाच्यता आणि नोकरी, शाळा, भाड्याचे घर किंवा उपचार नाकारणे त्याने निषिद्ध ठरवले आहे. शंभर किंवा अधिक, आणि आरोग्यसेवेच्या बाबतीत वीस किंवा अधिक, माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असणे बंधनकारक आहे. बाधिताची शस्त्रक्रिया टाळणाऱ्या किंवा केसपेपरवर लाल शाईने आजार लिहून ठेवणाऱ्या दवाखान्याने हे नीट वाचावे. महिनाभरात विषाणू नष्ट करण्याची हमी देणाऱ्या वैदूंविषयी एवढे सांगणे पुरे की, औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’नुसार एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, आणि अशा वैदूंच्या नादी लागून टीएलडी थांबवलेल्या ज्या रुग्णाला हेपॅटायटिस-बीचाही संसर्ग असतो, त्याच्या यकृताचा आजार अचानक बळावू शकतो, कारण त्या गोळीतील दोन औषधे तो आजारही आवरत असतात.

व्हायरल लोड १,००० किंवा त्याहून अधिक आला म्हणजे औषध निकामी झाले असे लगेच समजू नये. अशा वेळी महिन्याच्या अंतराने विशेष समुपदेशन होते आणि सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. मधल्या काळात गोळ्या नियमित घेतल्या तर अनेकांचा आकडा औषध न बदलता खाली येतो. या बैठकांना उलटतपासणीचे रूप येऊ देणे हा केंद्रांचा जुना दोष आहे. चुकलेल्या तारखेबद्दल ज्याला सर्वांसमोर सुनावले जाते, तो माणूस पुढची तारीखही चुकवतो. निसटलेल्या रुग्णांना शोधण्यासाठी २०१७ मध्ये ‘मिशन संपर्क’ ही मोहीम देशभर राबवली गेली आणि ‘विहान’ या काळजी व आधार केंद्रांचे कार्यकर्ते, ज्यांत स्वतः बाधित असलेलेही असतात, फोन आणि गृहभेटींतून हे काम करत आले आहेत. पण दाराशी आलेली अनोळखी व्यक्ती ही शेजाऱ्यांसाठी प्रश्नचिन्हच असते. म्हणून नोंदणीच्या वेळी आपल्याशी कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी आणि कोणत्या नावाने संपर्क साधावा हे रुग्णाने स्वतः लिहून द्यावे, आणि क्रमांक बदलला की कळवावे.

खंड पडलाच असेल, तो दोन महिन्यांचा असो वा पाच वर्षांचा, तरी उपचार पुन्हा सुरू होतो आणि तो मोफतच असतो. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या आपल्याच मनाने सुरू करू नयेत. आधी सीडी-४, क्षयरोग व मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी व्हावी, कारण दीर्घ खंडानंतर दडलेला क्षयरोग उपचार सुरू होताच उफाळून येऊ शकतो. जाताना आधारकार्ड, हिरवी पुस्तिका असल्यास ती, आणि या काळात घेतलेल्या इतर औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात. पुस्तिका हरवली असली तरी जुन्या केंद्राचे नाव आणि अंदाजे वर्ष सांगितल्यास नोंद शोधता येते. पहिल्यांदा एकट्याने जाणे जड वाटत असेल, तर १०९७ या राष्ट्रीय विनामूल्य क्रमांकावर फोन करून आपल्याला सोयीचे केंद्र कोणते आणि ते कोणत्या वेळी उघडे असते हे विचारून घ्यावे.